फ्रांके यांची पत्रे, नातीगोती आणि पैसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात जर्मनीतल्या हाले येथील लूथरन धर्मशास्त्री आणि तिथल्या अनाथगृह-शाळांचे संस्थापक औगुस्ट हेर्मान फ्रांके (१६६३–१७२७) यांच्यावर एक टिपण आले होते. त्यावर कोल्हापूर शहर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. जर्मन नावे शक्यतो उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

प्रश्न : कोल्हापुरातल्या जुन्या चर्चचा फ्रांके यांच्या पंथाशी काही संबंध आहे का? (नागाळा पार्क)

थेट संबंध नाही. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेले रॉयल वाइल्डर अमेरिकन होते आणि इथले मिशन पुढे प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. ती परंपरा जॉन कॅल्विनकडून येते, त्या शाखेला 'रिफॉर्म्ड' म्हणतात. फ्रांके मार्टिन लूथरच्या शाखेतले. दोन्ही प्रोटेस्टंट. पण प्रभुभोजनातल्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त खरोखर उपस्थित असते की नाही, यावरून या दोन शाखांत शंभर-दीडशे वर्षे कडाक्याचे वाद झाले.

फ्रांके समजून घ्यायचे तर हा फरक लक्षात ठेवावाच लागतो. त्यांचे आश्रयदाते, म्हणजे ब्रांडेनबुर्गचे राजघराणे, १६१३ पासून रिफॉर्म्ड होते आणि प्रजा मात्र बहुतेक लूथरन. शेजारच्या सॅक्सनीतल्या विटेनबर्ग आणि लाइपझिगच्या विद्यापीठांतून येणारे पाळक व्यासपीठावरून रिफॉर्म्ड मताचे वाभाडे काढत. असे पाळक या राजाला नको होते. भांडणापेक्षा आचरणावर भर देणारे लूथरन हवे होते, आणि 'पायटिस्ट' म्हटली जाणारी फ्रांके यांची मंडळी नेमकी तशी होती. हाले विद्यापीठ १६९४ मध्ये उभे राहिले त्यामागचे मोठे कारण हे आहे.

प्रश्न : दोन शहरांतून बाहेर पडावे लागलेल्या माणसाला विसाव्या-तिसाव्या वर्षाच्या मध्ये एकदम प्राध्यापकी आणि चर्च दोन्ही कसे मिळाले? चरित्रांत 'ईश्वरी योजना' एवढेच वाचायला मिळते. (एम.ए. इतिहास, शाहूपुरी)

योजना कोणाची होती ते ओळखीपाळखीतून बरेच उलगडते. फ्रांके यांचा जन्म ल्यूबेकचा. आई आना ग्लोक्सिन ही तिथल्या महापौरांची मुलगी. वडील योहानेस कायदेपंडित. गोथाचे धर्मनिष्ठ ड्यूक एर्न्स्ट यांनी त्यांना १६६६ मध्ये नोकरीवर बोलावले आणि १६७० मध्ये ते वारले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. म्हणजे गोथाच्या शाळा-सुधारणांच्या वातावरणात तो वाढला, आणि पुढे हालेमध्ये त्याने जे शाळांचे जाळे विणले त्याचे पहिले धागे तिथले आहेत. शिक्षणाचा खर्च आजोळच्या नात्यातल्या शाबेल शिष्यवृत्तीतून निघाला. तिचा कारभार मामाकडे होता. धर्मशास्त्राचा प्राध्यापक घडवणे हा तिचा हेतू, त्यामुळे मामाचे लक्ष अभ्यासावर असे आणि भाच्यावर दडपणही असे.

एर्फुर्ट, कील, मग हिब्रूसाठी हाम्बुर्गला एझ्रास एड्झार्ड यांच्याकडे, १६८४ मध्ये लाइपझिग. तिथे १६८६ मध्ये पाउल आंटोन यांच्यासह त्यांनी बायबल मूळ भाषांतून वाचणारे तरुण अध्यापकांचे मंडळ काढले. १६८७ मध्ये ल्युनेबुर्गमध्ये योहानच्या शुभवर्तमानातील २०:३१ या वचनावर प्रवचन तयार करताना त्यांना श्रद्धेचा खोल पेच पडला आणि त्यातून त्यांचा प्रसिद्ध पालट झाला. (हे कथन त्यांनी नंतर काही वर्षांनी, वादात सापडलेले असताना लिहिले. म्हणून ते खोटे ठरत नाही, पण रोजनिशी म्हणून ते वाचू नये.) त्यानंतर ड्रेस्डेनला पायटिस्टांचे अग्रणी फिलिप याकोब श्पेनर यांच्याकडे त्यांनी सुमारे दोन महिने मुक्काम केला. फ्रांके यांच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळख ही.

लाइपझिगमध्ये १६८९ ची व्याख्याने गाजली, नागरिकांच्या बायबल-बैठका सुरू झाल्या आणि तिथलेच धर्मशास्त्री योहान बेनेडिक्ट कार्प्झोव्ह यांनी फ्रांके यांच्याविरुद्ध आघाडी उघडली. बचावाचे कायदेशीर मत लिहून दिले कायदेपंडित क्रिस्टियान थोमाझियस यांनी. फ्रांके १६९० मध्ये एर्फुर्टला पाळक झाले आणि सप्टेंबर १६९१ मध्ये तिथूनही घालवले गेले. पण त्याच वर्षी श्पेनर बर्लिनला गेले होते आणि तिथल्या दरबारात त्यांच्या शब्दाला वजन आले होते. थोमाझियस १६९० पासून हालेमध्येच होते. जानेवारी १६९२ मध्ये फ्रांके हालेत पोचले : होऊ घातलेल्या विद्यापीठात ग्रीक आणि पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक, आणि तटाबाहेरच्या ग्लाउखा या गरीब वस्तीचे पाळक. वय २८. प्राध्यापकाच्या जागेचे पैसे फारसे नव्हते, म्हणून जोडीला चर्च. धर्मशास्त्राची प्राध्यापकी १६९८ मध्ये मिळाली.

प्रश्न : दानपेटीतल्या '४ थालेर १६ ग्रोशेन'वर एवढी मोठी संस्था उभी राहिली, हे हिशेबाला पटत नाही. (निवृत्त लेखापाल, लक्ष्मीपुरी)

तुमची शंका योग्य आहे, पण आकडे खोटे नाहीत. आधी तेवढा हिशेब करू. १ थालेर म्हणजे २४ ग्रोशेन, १ ग्रोशेन म्हणजे १२ फेनिग. १६९५ च्या ईस्टरच्या सुमारास एका वेळी ४ थालेर १६ ग्रोशेन, म्हणजे ११२ ग्रोशेन पेटीत पडले. फ्रांके यांनी २ थालेरची पुस्तके घेतली आणि एका गरीब विद्यार्थ्याला रोज दोन तास मुलांना शिकवायला आठवड्याला ६ ग्रोशेनवर ठेवले. २ थालेर म्हणजे ४८ ग्रोशेन, म्हणजे बरोबर ८ आठवडे. तोवर आणखी येईल, ही आशा. २७ पुस्तके वाटली, त्यांतली ४ परत आली. बाकीची मुलांनी नेली आणि ती पुन्हा फिरकली नाहीत. मग पुस्तके शाळेतच ठेवायची पद्धत पडली.

ही सुरुवात. संस्था टिकली ती पुढच्या व्यवस्थेमुळे. १९ सप्टेंबर १६९८ च्या ब्रांडेनबुर्गच्या शासकाच्या सनदेने फ्रांके यांच्या अनाथगृहाला करांतून सूट, छापखाना, पुस्तकविक्री आणि औषधालय यांचे हक्क मिळाले. त्याआधी १६९७ मध्ये गेओर्ग हाइनरिख नॉयबाउअर यांना हॉलंडची अनाथगृहे पाहायला धाडले होते. इमारतीची रुंदी, झोपायच्या खोल्या, स्वच्छता, सगळे विचारून यायचे होते. पुस्तकांची बाजू हाइनरिख यूलियस एलर्स यांनी उचलली. फ्रांके यांचे प्रवचन छापून लाइपझिगच्या जत्रेत विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांशी अदलाबदल करत साठा वाढवला.

औषधालयाने मात्र खरी कमाई करून दिली. क्रिस्टियान फ्रीडरिख रिख्टर या वैद्याने १७०१ च्या सुमारास सोन्यापासून बनवलेला एक अर्क बाजारात आणला. तो टपालाने दूरदूर जाई. आजच्या वैद्यकात त्या अर्काला स्थान नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण त्याच्या विक्रीची रीत पाहण्याजोगी आहे : सोबत वापराचे छापील पत्रक, आणि गावोगाव विकणारे कोण, तर ज्यांच्याशी धर्माविषयी पत्रव्यवहार चालू होता तेच पाळक आणि सरदार. पत्र, देणगी आणि औषधाची मागणी एकाच लखोट्यात येई.

शिक्षकांचा खर्चही असाच आटोक्यात ठेवला होता. गरजू विद्यापीठ-विद्यार्थ्यांना संस्थेत फुकट जेवण मिळे आणि त्या बदल्यात ते शाळेत तास घेत. १६९६ पासून या तरुणांच्या तयारीचीही सोय झाली.

चौथा आधार बायबलचा. बॅरन कार्ल हिल्डेब्रांट फोन कान्श्टाइन यांनी १७१० मध्ये स्वस्त बायबलची योजना मांडली. तोवर छापखान्यात एक फॉर्मा छापून झाला की खिळे सोडून पुढच्या फॉर्म्याला वापरत. प्रत्येक आवृत्तीला नवी जुळणी, नवी मजुरी, नव्या चुका. कान्श्टाइन यांनी अख्ख्या पुस्तकाचे खिळे जुळवलेले तसेच ठेवायचे ठरवले. यासाठी धातू अफाट लागतो, म्हणून आधी देणग्या गोळा कराव्या लागल्या. एकदा तो खर्च झाला की जुळणीचा खर्च शून्यावर आणि प्रत्येक छपाईत चूक सुधारण्याची मुभा. १७१२ मध्ये नवा करार निघाला, १७१३ मध्ये संपूर्ण बायबल.

१७०१ पासून छापलेल्या आपल्या वृत्तान्तात फ्रांके हे सगळे ऐन वेळी आलेल्या देणग्यांच्या कथांतून सांगतात. त्यांची श्रद्धा अस्सल होती याबद्दल आम्हाला शंका नाही. पण तो वृत्तान्त देणगीदारांसाठीही लिहिलेला आहे, आणि १७०५ मध्ये लंडनहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले तेही त्याच कामासाठी. तुमच्यासारख्या माणसाने तो सनदेच्या आणि औषधालयाच्या नोंदींशेजारी ठेवून वाचावा.

प्रश्न : शाहू महाराजांच्या बोर्डिंगांशी तुलना करता येईल का? (मंगळवार पेठ)

जपून. 'जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय झाली तरच गरिबाचे पोर शिकते' ही समज दोन्हीकडे आहे. पण व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून (१९०१) सुरू झालेली कोल्हापूरची वसतिगृहे वेगवेगळ्या समाजांची आणि त्यांच्या त्यांच्या चालकांची होती, दरबाराचा आधार घेऊन उभी. हालेत सगळे एका संचालकाच्या हातात आणि स्वतःच्या व्यापारावर. शिवाय तिथे वर्गवारी पक्की होती : सरदारांच्या मुलांची शाळा वेगळी, लॅटिन शाळा वेगळी, गरिबांची जर्मन शाळा वेगळी. हुशार अनाथ मुलगा लॅटिन शाळेत जाऊ शकत असे, पण ती भिंत मोडणे हा संस्थेचा हेतू नव्हता. महाराजांचा होता.

प्रश्न : एका पुस्तकात जन्म १२ मार्च, दुसऱ्यात २२ मार्च. बरोबर कोणते? (जयसिंगपूर)

दोन्ही. १६६३ मध्ये प्रोटेस्टंट जर्मनीत जुनी ज्युलियन कालगणना होती. ती आजच्या ग्रेगोरियन गणनेपेक्षा १० दिवस मागे होती. १७०० मध्ये १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च धरून त्यांनी फरक मिटवला, डेन्मार्कनेही तेच केले. इंग्लंडने १७५२ पर्यंत केले नाही, आणि १७०० नंतर तिथला फरक ११ दिवसांचा झाला. त्यामुळे लंडनचे पत्र हालेत 'लिहिण्याआधीच पोचले' असे कधी दिसू शकते. इंग्लंडचे वर्षही २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर '१७०९/१०' असे जोडवर्ष येते. ते १७१० धरावे.

आणखी दोन खाचखळगे. महिन्यांच्या संक्षेपात ७ च्या आकड्यापुढे 'बर' लिहिलेले असते तो सप्टेंबर, जुलै नव्हे. तसेच ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, आणि रोमन १० म्हणजे डिसेंबर. दुसरे, तारखेऐवजी नुसते रविवाराचे चर्चमधले नाव असेल तर त्या वर्षाचा ईस्टर काढून मोजावे लागते, आणि १७२४ मध्ये प्रोटेस्टंट व कॅथलिक ईस्टर आठवड्याच्या अंतराने आले होते.

प्रश्न : प्रबंधासाठी फ्रांके यांच्या संबंधांचा नकाशा करायचा आहे. जर्मन जुजबी येते. कुठून सुरुवात करू, आणि काय चुकते? (संशोधक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर)

सगळे संबंध घ्यायला जाऊ नका. फ्रांके यांचे पत्रलेखक हजारांनी मोजावे लागतात. एक बाजू निवडा, उदाहरणार्थ हाले–लंडन–तरंगंबाडी (तमिळ किनाऱ्यावरची डॅनिश वखार, जिथे हालेच्या पाठबळाचे मिशन होते), आणि दहा वर्षांचा काळ घ्या.

प्रत्येक पत्राला एक ओळ द्या : लिहिणारा, घेणारा, गाव, तारीख मूळ रूपात, तारीख नव्या गणनेत, पत्र कोणाच्या हाती आले, पैशाचा किंवा मालाचा उल्लेख, तिसऱ्या माणसाची शिफारस, आणि ही माहिती मूळ पत्रातून की छापील उताऱ्यातून. शेवटचा रकाना कंटाळा येतो म्हणून गाळला जातो आणि नंतर सगळ्यात जास्त तोच लागतो. नात्यांचे प्रकार वेगळे ठेवा. रक्ताचे आणि लग्नाचे नाते, बाप्तिस्म्याचे साक्षीदार, गुरु-शिष्य, आश्रयदाता, देणेघेणे. हे प्रकार एकमेकांवर चढतात. योहान आनास्टाझियस फ्रायलिंगहाउझन घ्या : फ्रांके यांचे सहायक पाळक, १७०४ च्या गाजलेल्या गीतसंग्रहाचे संपादक, फ्रांके यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार, १७१५ मध्ये तिचेच पती, आणि १७२७ नंतर मेहुणे गोटहिल्फ औगुस्ट यांच्यासह संस्थेचे संचालक. एकच रेघ ओढली तर यातले काहीच दिसत नाही.

नावांचे घोटाळे ठरलेले आहेत. १७२७ नंतर 'हालेचे प्राध्यापक फ्रांके' म्हणजे मुलगा गोटहिल्फ औगुस्ट (१६९६–१७६९). लूथरन पाळक मुह्लेनबेर्ग यांना पेन्सिल्व्हेनियाला धाडणारा तोच, वडील नव्हेत. १६९८ चे ब्रांडेनबुर्गचे शासक 'इलेक्टर फ्रीडरिख तिसरे' आणि १७०१ नंतरचे 'प्रशियाचे राजे फ्रीडरिख पहिले' एकच माणूस, आणि 'फ्रीडरिख चौथे' हे डेन्मार्कचे राजे. लंडन दरबारातले उपदेशक आंटोन विल्हेल्म ब्योमे (१६७३–१७२२) आणि त्यांच्या जन्मापूर्वी गेलेले गूढवादी याकोब ब्योमे यांची गल्लत तर छापील सूच्यांतही होते. बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागते, म्हणून 'फ्रांकिन' हे नवे कुटुंब समजू नका.

लिपीचे म्हणाल तर कुरेंट हे जुने जर्मन हस्ताक्षर मोडीसारखेच सरावाने येते, आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी वाचलेल्याला धीर लवकर येतो. 'ई' आणि 'एन' दोन्ही नुसत्या दोन उभ्या रेघा असतात. 'यू' वर छोटी कमान असते, तिच्यावरूनच तो ओळखायचा. 'एम' किंवा 'एन' वर आडवी रेघ म्हणजे ते अक्षर दोनदा. लॅटिन आणि फ्रेंच शब्द त्याच ओळीत रोमन वळणाने लिहिलेले असतात. ते आधी टिपा, वाक्याचा विषय तिथूनच लागतो. एका माणसाची दहा पत्रे सलग वाचा, दहा माणसांची एकेक नको.

हालेच्या संग्रहातली बरीच पत्रे आता घरबसल्या पाहता येतात, बर्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातही मोठा भाग आहे. पण भारताविषयी हालेहून १७१० पासून छापले गेलेले अहवाल मूळ पत्रे समजू नयेत. ते देणगीदारांसाठी निवडून, कापून छापलेले आहेत. भांडणे, पैशाची तंगी आणि हिंदू धर्माविषयीचा तपशील यांवर कात्री चाले. तरंगंबाडीचे मिशनरी त्सीगेनबाल्ग यांनी १७१३ मध्ये दक्षिणेतल्या देवदेवतांवर लिहिलेला ग्रंथ हालेने छापलाच नाही. तो १८६७ मध्ये मद्रासला छापला गेला. फ्रांके यांच्या कारकिर्दीतली ही मोठी उणीव आम्ही मानतो.

आणि पत्राला उत्तर कधी आले असेल याचा अंदाज बोटीवरून बांधा. त्सीगेनबाल्ग आणि त्यांचे सहकारी प्ल्यूटशाउ २९ नोव्हेंबर १७०५ ला तरंगंबाडीसाठी निघाले आणि ९ जुलै १७०६ ला पोचले. म्हणजे एका फेरीला सात महिन्यांवर, जाऊन-येऊन वर्षाहून अधिक. हालेतल्या निर्णयाचे कारण म्हणून त्याच महिन्यातले तरंगंबाडीचे पत्र दाखवले असेल तर ते चूक आहे. जाता जाता : या दोघांना फ्रांके यांनी निवडले असे सर्रास लिहितात. शोध डॅनिश दरबारातले उपदेशक ल्युटकेन्स यांनी सुरू केला आणि नावे बर्लिनच्या मित्रांकडून आली. फ्रांके यांनी पाठबळ नंतर उभे केले, ते मात्र भक्कम.

प्रश्न : फ्रांके एवढे उदार, तर तत्त्वज्ञ क्रिस्टियान वोल्फ यांना हालेतून का घालवले? (ताराबाई पार्क)

वोल्फ यांनी १७२१ च्या भाषणात म्हटले की चिनी लोकांनी ख्रिस्ती प्रकटीकरणाशिवाय, बुद्धीच्या बळावर चांगली नीती उभी केली. हालेतले धर्मशास्त्री योआखिम लांगे आणि फ्रांके यांना यात धर्माचा पाया निखळताना दिसला. तक्रारी बर्लिनला गेल्या. वोल्फ यांच्या मते सगळे कारणांनी आधीच बांधलेले असते, मग पळून जाणारा शिपाई दोषी कसा, असा युक्तिवाद प्रशियाचे सैन्यवेडे राजे फ्रीडरिख विल्हेल्म पहिले यांच्यापर्यंत पोचला. नोव्हेंबर १७२३ मध्ये हुकूम निघाला : ४८ तासांत देश सोडा, नाहीतर फास. ज्यांना स्वतःला लाइपझिग आणि एर्फुर्ट सोडावे लागले होते त्यांनी हे घडू दिले आणि त्याबद्दल देवाचे आभार मानले, हे चरित्रकाराने झाकू नये.

प्रश्न : तंजावरच्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्त्झ हे फ्रांके यांचे शिष्य होते ना? (कागल)

प्रत्यक्ष शिष्य असणे शक्य नाही. क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्त्झ १७२६ मध्ये जन्मले, फ्रांके ८ जून १७२७ ला वारले. श्वार्त्झ हालेत शिकले ते मुलगा गोटहिल्फ औगुस्ट यांच्या काळात, आणि तमिळ त्यांना तिथेच बेन्यामिन शुल्त्से यांनी शिकवले, जे तरंगंबाडी आणि मद्रासमध्ये वर्षे काढून परतले होते. १७५० मध्ये श्वार्त्झ तरंगंबाडीला पोचले.

मराठ्यांशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये आले तेव्हा तंजावरला व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे गादीवर होते (आणि इकडे महाराणी ताराबाई औरंगजेबाशी लढत होत्या). डॅनिश वखार तंजावर दरबाराला सालाना रक्कम देई. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तकपुत्र सरफोजींची काळजी श्वार्त्झ यांच्यावर सोपवली. गादी काका अमरसिंगांकडे गेली, मुलाला कोंडल्यासारखे ठेवले गेले आणि श्वार्त्झ यांनी कंपनीकडे सतत पत्रे लिहून त्याला मद्रासला हलवले, तिथे शिक्षण करवले. श्वार्त्झ १३ फेब्रुवारी १७९८ ला वारले, सरफोजी त्याच वर्षी गादीवर बसले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. गुरूसाठी त्यांनी शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. पुढे त्यांनी वाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या.

या विषयावर लिहायचे असेल तर तंजावरचे मोडी कागद आणि हालेतली जर्मन पत्रे शेजारी ठेवा. मोडी येणारे बहुधा जर्मन कागदांकडे वळत नाहीत आणि जर्मन वाचणाऱ्यांना मोडी येत नाही. म्हणून दोघांनी मिळून काम करावे, आणि १७८७ ते १७९८ ही वर्षे आधी घ्यावीत.